माझ्या आधी पोहोचलेलं गाठोडं

एकदा मी घरातच होतो, आणि तरी गावाला गेलेलो होतो. यात योगसिद्धी वगैरे काही नव्हती. आत्याने माझं प्रस्थान ठेवलं होतं, एवढंच.

प्रस्थान म्हणजे काय ते आता पुष्कळांना सांगावं लागतं. ज्या वारी निघायचं तो वार त्या दिशेला वाईट असेल, तर आधीचा एखादा चांगला दिवस बघून प्रवाशाचे कपडे, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ असं गाठोडं बांधायचं आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो खरोखर निघतो तेव्हा वार, दिशा, राहू, शनी, कोणी त्याचं वाकडं करू शकत नाही. एवढे मोठे ग्रह एका गाठोड्याला कसे फसतात, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

आमचं घर म्हैसुरातलं, जुनं घोडदळी. आमचे पूर्वज कधीकाळी घोड्यावर बसून इकडे आले, इथल्या राजांच्या चाकरीत राहिले, आणि घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि रागावल्यावर दोन्ही, अशी भाषा मागे ठेवून गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, घोडदळातूनच पेन्शनीत निघालेले. घोडा केव्हाच विकला होता, पण खोगीर भिंतीला टांगलेलं होतं, आणि आप्पा त्याला न चुकता तेल लावत. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्याने, आप्पांच्या विधवा बहिणीने. आप्पांनी हयातभर स्वारांना हुकूम सोडले असतील, पण घरात हुकूम आत्याचा चाले, आणि आत्याला पंचांगाचा.

या आत्याला एक गाणं दोन तृतीयांश येत होतं.

लग्नानंतर सासरी तिला वीणा शिकवायला एक विद्वान येत. तिच्या नवऱ्याला हौस होती. हे विद्वान प्रत्येक शिष्याला स्वतः बांधलेलं एक गाणं देत, आणि एकाला दिलेलं दुसऱ्याला देत नसत. आमच्याकडच्या गाण्याला तीन अंगं असतात: पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण. आत्याची पल्लवी झाली, अनुपल्लवी झाली, आणि चरण पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणून विद्वान गेले. त्याच आठवड्यात तिचा नवरा तापाने गेला. आत्या भावाच्या घरी आली, वीणा माळ्यावर गेली, आणि चरण राहिला तो राहिलाच. विधवेने वीणा वाजवायची नाही असं कोणीतरी कधीतरी ठरवलं होतं. तो ठरवणारा मला कुठे भेटला असता तर मी त्याला आप्पांच्या खोगिराखाली घातला असता. आत्या मात्र हेही पंचांगाइतकंच मुकाट्याने मानत होती.

पण तांदूळ निवडताना ती गुणगुणायची. पल्लवी व्हायची, अनुपल्लवी व्हायची, आणि ती संपली की क्षणभर थांबून आत्या मोठ्याने विचारायची, "गाईला पाणी दाखवलं का?" दर वेळी तिथेच, आणि दर वेळी हेच. मी इतका लहानपणापासून हे ऐकत आलो होतो की गाईचं पाणी हा त्या गाण्याचाच तिसरा भाग आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी सोळा वर्षांचा असताना शेजारच्या मेष्ट्रुंनी बातमी आणली. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. आमच्या शेजारचे हे मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून नव्हते. त्यांच्या पुतणीचं लग्न नरसीपूरला होतं, नदीच्या संगमापाशी, आणि लग्नात दुपारी वीणावादन होतं. वाजवणारे होते तेच विद्वान. मुलीच्या आजोबांशी त्यांची जुनी दोस्ती, म्हणून कबूल झाले होते. एरवी त्यांनी म्हैसूरला येणं सोडलं होतं आणि वीणाही क्वचितच हातात घेत. फार थकलेत, असं मेष्ट्रु म्हणाले. स्वतः बांधलेल्या गाण्यांतलं एक तरी ते मैफलीत वाजवतातच, आणि त्यातलं त्यांचं आवडतं म्हणजे आत्याचंच.

आत्या ऐकत होती. ती स्वतः जाणं शक्यच नव्हतं. लग्नमांडवात विधवा कशी जाणार. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझा आवाज तेव्हा फुटला होता आणि गायला लागलो की तेल न घातलेलं दार उघडल्यासारखा वाजे, पण कान चांगला होता. ऐकलेलं डोक्यात राहायचं.

"चरण घेऊन ये," आत्या म्हणाली. "ते गेले की तो गेला. दुसऱ्या कोणाला येत नाही."

तिने माझ्याकडे आजवर फक्त दळण आणि निरोप मागितले होते. मी हो म्हटलं.

आता जायचं कसं? मोटारी त्या वेळी म्हैसुरात होत्या, पण त्या राजवाड्याच्या आणि दोनचार साहेबांच्या. आमचा मोटारीशी संबंध धुळीपुरता. आगगाडी होती ती नंजनगूडकडे जाणारी, आणि नरसीपूर अगदी दुसरीकडे. झटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, वाटेतल्या वरुणा गावाच्या पुढे जायला कोणी तयार नव्हता. मेष्ट्रु मात्र सोमवारी पहाटे बैलगाडीने निघणार होते, आणि मला घ्यायला आनंदाने कबूल झाले, कारण सबंध वाटेवर त्यांना ऐकणारं कोणीतरी हवंच होतं. एवढ्यावर काम झालं असतं. पण नरसीपूर पूर्वेला आणि सोमवारी पूर्वेला दिशाशूळ. म्हणून आत्याने शुक्रवारी सकाळी माझं प्रस्थान ठेवलं.

चरणाचा मामला असल्याने तिने प्रस्थान जोरदार करायचं ठरवलं. नेहमीचं लहानसं गाठोडं तिला पुरेना. माझी चांगली दोन धोतरं, कोट, वहाणा, पांघरूण, उशी असं सगळं तिने आमच्या जुन्या घोंगडीत बांधलं आणि वर माझा लाल रुमाल, म्हणजे डोक्याला गुंडाळायचा, नीट बसवून दिला. गाठोडं माझ्या खांद्याइतकं उंच झालं. आप्पांनी ते उचलून मेष्ट्रुंच्या ओसरीवर नेऊन ठेवलं आणि मी अधिकृतपणे गावाला गेलो.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. मी घरातच होतो, पण मला बाहेर पडायची बंदी होती, कारण एकदा निघालेला माणूस दुसऱ्यांदा निघू शकत नाही. जेवणाच्या पंक्तीत माझं पान नव्हतं. मी गावाला गेलो असल्याने मला मागच्या पडवीत, पाहुण्यासारखं, केळीच्या पानावर वाढत. शाळेतला सोबती विचारायला आला तेव्हा कधी खोटं न बोलणारी आत्या त्याला म्हणाली की तो नरसीपूरला गेलाय. मी तिच्या मागेच उभा होतो. सोबत्याने माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि बरं म्हणून तो निघून गेला. आत्याला उलट बोलायची हिंमत आमच्या गल्लीत कोणाला नव्हती. मी आतबाहेर येरझारा घालायला लागलो की तिचं ठरलेलं: "तू गेलायस अल्वा, हो की नाही? मग सुम्ने, उगाच, पायात कशाला येतोस?"

सोमवारी पहाटे मी उठलो, अंगावरच्या जुन्या पंच्यासकट दाराशी गेलो आणि कडी काढणार तोच आत्या आडवी आली. गेलेल्या माणसाने आज पुन्हा या उंबऱ्यावरून पाऊल टाकलं तर शुक्रवारचं जाणं रद्द होईल आणि आजचं सोमवारचं धरलं जाईल, असं तिचं म्हणणं. कोण धरणार, असं मी विचारलं नाही. तिचा मुद्दा इतका बिनतोड होता की आप्पांनीही हात टेकले. मग असं ठरलं की मी दारातून जायचंच नाही, मागच्या भिंतीवरून जायचं. भिंत ओलांडली तर ते जाणं होत नाही म्हणे, ते फक्त उडी मारणं होतं.

आप्पा गोठ्यामागे आले. त्यांनी रिकिबीसारखे दोन्ही हात जुळवले, मी त्यात पाय दिला, आणि पुष्कळ वर्षांनी कोणालातरी घोड्यावर चढवायला मिळाल्याच्या आनंदात त्यांनी मला इतक्या जोराने वर फेकलं की मी भिंतीवर बसलोच नाही, सरळ पलीकडे गेलो. पलीकडे आमच्याच गाईच्या शेणाचा खड्डा होता. कमरेपर्यंत गेलो. नशीब एवढंच की गाय घरची होती.

विहिरीवर धुऊन घेण्यात वेळ गेला. अंगावर घालायला काही नव्हतं; माझं सगळं गाठोड्यात, आणि घरात शिरायची बंदी. मी भिंतीखालून हाका मारल्या तेव्हा आप्पांनी वरून त्यांचा एक पंचा आणि घोडदळातला जुना कोट फेकला, पितळी बटणांचा, माझ्या गुडघ्यांपर्यंत येणारा. तो चढवून, अनवाणी आणि बोडका, मी गल्लीला वळसा घालून मेष्ट्रुंच्या दारी पोहोचलो तर गाडी निघून गेलेली. दारात त्यांची बायको रांगोळी घालत होती. ती माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत राहिली.

"तू तर गाडीत बसलास," ती म्हणाली.

झालं होतं असं. मेष्ट्रुंना चष्म्याशिवाय हाताची बोटं दिसत नसत, आणि चष्मा ते प्रवासात पेटीत ठेवत, फुटू नये म्हणून. गाडीवानाने ओसरीवरचं सगळं सामान गाडीत चढवलं, त्यात माझं गाठोडंही. अंधारात मेष्ट्रु चढले, शेजारी घोंगडी पांघरून लाल रुमाल घातलेली आकृती बसलेली पाहिली, आणि "लवकर आलास, शाब्बास" म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली. बायकोने तेवढं ऐकलं होतं.

मी धावत सुटलो. गावाबाहेरच्या विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांना विचारलं, मेष्ट्रुंची गाडी पाहिलीत का? त्या म्हणाल्या, केव्हाच गेली, मेष्ट्रु होते आणि त्यांच्याबरोबर कोणा घरचा एक मुलगा होता, फार गुणी, एक शब्द उलट बोलत नव्हता. म्हणजे आत्याचंच खरं होतं. मी खरोखरच गेलो होतो.

चालून पोहोचण्याइतकं ते अंतर लहान नव्हतं. कोणाच्या तरी गाडीत बसणं भाग होतं आणि गाड्या पुष्कळ होत्या, भाताच्या, गवताच्या, दुधाच्या. पण मी हात वर केला की समोरची गाडी रस्ता सोडून शेतात शिरायची. मला कळेना की हा काय प्रकार आहे. एक गाडीवान तर बैल सोडून बांधापलीकडे पळाला. वरुणाच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने लांबूनच हात जोडले आणि ओरडून सांगितलं की त्याचे बैल आजारी आहेत, दोन्ही, कालपासून. बैल कान हलवत मजेत चरत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांचा मुक्काम पडला की सरकारी माणसं वाटेतल्या गाड्या धरून नेत, आणि पितळी बटणांचा कोट घालून रस्त्यात हात वर करणारा माणूस दुसरा कोण असणार? तो गुडघ्यांपर्यंत येतो, आत पंचा आहे आणि त्याला अजून मिशा फुटायच्या आहेत, एवढं बघायला कोणी थांबत नव्हतं.

मी कोट काढून काखेत मारला. आता मी उघडा, बोडका, अनवाणी, पण निदान निरुपद्रवी झालो. ऊस घेऊन गुऱ्हाळाकडे चाललेल्या एका म्हातारीने गाडी थांबवली आणि उसाच्या भाऱ्यावर बस म्हणाली. तिला मी सगळी हकिगत सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गंटु मुंदे, नीनु हिंदे." गाठोडं पुढे, तू मागे. मग हसायला लागली ती गुऱ्हाळ येईपर्यंत हसतच होती. उतरताना तिने मला एक ऊस दिला. तो खात मी पुढे चालायला लागलो, आणि ऊन वर चढत गेलं तसं माझं धाबं दणाणायला लागलं. मैफल दुपारची. मी पोहोचलो नाही तर चरण गेला. आत्या मला काही बोलणार नव्हती, हे मला माहीत होतं, आणि तेच मला नको होतं. ती तांदूळ निवडेल, अनुपल्लवी संपेल, आणि आयुष्यभर गाईला पाणी दाखवलं का म्हणून विचारत राहील.

नरसीपूरला मी पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मांडवातून लोक उठून जेवणाकडे चालले होते. व्यासपीठावर एक माणूस वीणेवर गवसणी चढवत होता.

मी मांडवाच्या खांबाला धरून खाली बसलो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पाय सोलवटले होते, पण त्यासाठी नव्हे. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी शेणाच्या खड्ड्यात घालवली होती.

डोळे पुसले तेव्हा मला मी दिसलो. पहिल्या रांगेत, गालिच्यावर, अगदी मधोमध माझं गाठोडं बसलं होतं. लाल रुमाल जागच्या जागी. कपाळ जिथे असतं तिथे गंध लावलेलं, गळ्यात फुलांची माळ, समोर पानसुपारीचं तबक आणि नारळ. शेजारी मेष्ट्रु. आता त्यांनी चष्मा लावला होता.

त्यांनी मला मिठी मारली. वरुणाला बैलांना पाणी पाजायला थांबले तेव्हा त्यांनी गाठोड्याला इडली देऊ केली आणि तेव्हा त्यांना कळलं. तोवर त्यांचं व्याकरणापासून राज्यकारभारापर्यंत सगळं बोलून झालं होतं. इतका चांगला श्रोता आपल्याला कधी मिळाला नव्हता, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत, आणि माझ्याकडे जरा नाराजीने बघत. परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं, पण प्रस्थान परत फिरवणं म्हणजे माझ्या जिवालाच धोका. म्हणून त्यांनी ते पुढे आणलं आणि मुलीच्या बापाला सांगितलं की मुलगा येतोच आहे, हे त्याचं प्रस्थान. मुलीचा बाप सज्जन माणूस. त्याने येणाऱ्या पाहुण्याचा मान राखला आणि गाठोड्याला पुढची जागा दिली. मांडवात हे कोणाला विचित्र वाटलं नाही. मलाही त्या वेळी फक्त गाठोड्याचा हेवा वाटला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ते गाणं झालं?" मी विचारलं.

मेष्ट्रुंचा चेहरा पडला. झालंच नाही, म्हणाले. आज विद्वानांनी स्वतःचं एकही गाणं वाजवलं नाही. का ते कोणालाच कळलं नाही.

विद्वान मांडवामागे एका बाजेवर बसून ताक पीत होते. फार म्हातारे होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. मेष्ट्रुंनी भीतभीत कारण विचारलं तेव्हा ते उसळलेच. पुढच्या रांगेत तो लाल रुमालवाला कोण आणून बसवला होता, म्हणाले. सबंध मैफलीत त्याने मान हलवली नाही. बोट हलवलं नाही. तोडीला नाही, भैरवीला नाही. इतरांची गाणी वाजवून बघितली, काही नाही. अशा दगडापुढे मी माझं गाणं काढू?

मेष्ट्रुंनी माझ्याकडे पाहिलं, मी मेष्ट्रुंकडे. मग मी पुढे होऊन सांगितलं की तो मी होतो. म्हणजे मी नव्हतो, माझं गाठोडं होतं. आणि मग मी कोण, कोणाचा भाचा, कशासाठी आलो, ते सगळं एका दमात सांगून टाकलं.

म्हातारबुवांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि ती कुठपर्यंत येऊन थांबते, ते म्हणून दाखव, म्हणाले. मी माझ्या त्या करकरत्या आवाजात पल्लवी म्हटली, अनुपल्लवी म्हटली, आणि ती संपल्यावर जन्मभराच्या सवयीने, स्वच्छ मराठीत, मोठ्याने म्हणालो, "गाईला पाणी दाखवलं का?"

हे काय, त्यांनी कानडीत विचारलं. मी कानकोंडा झालो. सांगितलं की चरणाच्या जागी आमच्याकडे हे असतं.

मला वाटलं ते हसतील, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी गेलो होतो. दारापर्यंत. दार उघडलं नाही. तिला सांग, मी आलो होतो."

मग त्यांनी चरण सांगितला. वीणा गवसणीत गेली होती, ती त्यांनी काढली नाही. आवाज उरला नव्हता, तरी त्या चिरक्या आवाजातच एकेक ओळ म्हणत, मांडीवर बोटांनी ताल धरत, आणि मी मागून म्हणत असे. चुकलो की मांडीवरचा हात माझ्या डोक्यात बसे. अंधार पडायच्या आत चरण पुरा माझा झाला. गाणं इतकं सोपं होत जातं की मला फसवल्यासारखं वाटलं. सगळी अवघड वळणं पहिल्या दोन भागांत होती. चरण म्हणजे नुसतं घरी येणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. मेष्ट्रुंनी चष्मा लावूनच मला गाडीत बसवलं, खात्री करून घेतली आणि बोलायला सुरुवात केली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मेष्ट्रुंच्या बोलण्याखाली कोणतंही गाणं टिकणं अशक्य होतं. मी पोटात दुखतं म्हणून गाडीतून उतरलो आणि दोन्ही कानांत बोटं घालून, चरण म्हणत, गाडीच्या पुढे चालत राहिलो. गाठोडं माझ्या जागेवर बसलं. मागून मेष्ट्रुंचा आवाज ऐकू येत होता, तेव्हा त्यांची सोय झाली होती.

म्हैसूरला घरापाशी आलो आणि दार ठोठावलं. आतून आत्याचा आवाज आला: "थांब. राहुकाळ आहे. आत्ता बेड, आत यायचं नाही. सरला की कडी काढते."

मी कपाळावर हात मारला. भिंतीवरून येऊ का, असं विचारलं, तर येताना भिंत चालत नाही म्हणाली. दोन दिवसांची चाल, सोलवटलेले पाय, डोक्यात काठोकाठ भरलेला चरण, तो केव्हा सांडेल याचा नेम नाही, आणि मधे ते दार. शेवटी तिथेच पायरीवर उभा राहिलो आणि बंद दाराला तोंड करून गायला लागलो.

पल्लवी म्हटली. गल्लीत माणसं जमायला लागली. मेष्ट्रु गाठोडं छातीशी धरून उभे राहिले. आप्पा खिडकीत आले. अनुपल्लवी म्हटली. आवाज फाटत होता आणि समोरच्या घरातली पोरं तोंड दाबून हसत होती. अनुपल्लवी संपली. मी श्वास घ्यायला थांबलो. दाराआडून नेहमीचा प्रश्न येईल असं मला वाटलं. आला नाही. मी चरण सुरू केला.

पहिली ओळ झाली तेव्हा दाराआड बांगड्यांशिवायचा एक हात फळीवर ताल धरतोय हे मला ऐकू आलं. दुसऱ्या ओळीला आत्या बरोबर म्हणायला लागली, शब्द माहीत नव्हते तिथे नुसते सूर. ते कुठे जाणार हे तिला आधीच कळत होतं. शेवटी चरण फिरून पल्लवीवर आला, आणि पल्लवी तिला यायचीच. ती आम्ही दोघांनी म्हटली, मी बाहेरून आणि ती आतून.

मग मी दाराला तोंड लावून सांगितलं, "आत्या, ते आले होते. त्या आठवड्यात. दारापर्यंत आले होते. दार उघडलं नाही."

कडी वाजली आणि दार उघडलं. आत्याचे डोळे लाल झाले होते.

"आत ये," ती म्हणाली.

"राहुकाळ आहे ना?"

"असू दे," आत्या म्हणाली.

तिने माझा हात धरून मला उंबऱ्यावरून आत ओढलं आणि चरण पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी एकदा. आप्पा शिडी घेऊन माळ्यावर चढले आणि वीणा खाली घेऊन आले. तिच्यावर धूळ होती आणि तारा गंजल्या होत्या. आत्याने पदराने ती पुसायला घेतली. गाईला पाणी दाखवायचं त्या दिवशी कोणालाच आठवलं नाही, आणि ती बिचारी दिवस मावळेपर्यंत गोठ्यात हंबरत राहिली.